जळक्या मोटरची तार

लिंबच्या शिंगट्यांची पाच एचपीची मोटर
जळून आली, तेव्हा तिच्या पोटातलं तांबं
मी भंगारात टाकलं नाही.
शेगडीवर लाल होऊ दिलं,
राखेत रात्रभर निवू दिलं.
असं निवलेलं तांबं ऐकतं,
पण एकदाच. वाकवलं की पुन्हा ताठर.

झाड पाचगणीचं, ज्युनिपर.
भिलारेंच्या नर्सरीत काळ्या पिशवीत
चार वर्षं सरळ वाढलेलं,
कुणाचं काही न बिघडवता.
पण माझ्या डोक्यात दुसरंच झाड होतं:
यवतेश्वरच्या घाटात, वळणावर,
कातळाच्या भेगेतून निघून दरीत लोंबलेलं.
स्कूटरवरून जाताना वाटायचं,
हे पडत कसं नाही?
रस्ता रुंद केला, तेव्हा गेलं.

कुंडी म्हणजे लोणच्याची उंच बरणी.
आदल्या रात्री बुडाला भोक पाडलं,
थेंब थेंब पाणी सोडत, ड्रिल सावकाश.
प्रमिला दारात उभी होती.
‘फुटली तर कैऱ्या तुमच्या टोपीत घालीन.’
फुटली नाही.

भिलारे म्हणाले होते,
वाकवणं आणि कुंडी बदलणं
एका दिवशी करू नका.
मंगळवार होता, लाइट जायचा वार,
दुकानात काम नव्हतं.
मी एका दिवशी केलं.

पिशवी फाडली. मुळं आत गोल गोल फिरलेली,
बाहेर जागा असते हे ठाऊक नसल्यासारखी.
स्लॉटमध्ये तार बसवायची बांबूची पट्टी घेऊन
एकेक सोडवलं, तिसरा हिस्सा कापला.
विटांचा चुरा, चाळलेली खडी, कोळसा,
माती जवळपास नाहीच.
बरणीच्या भोकातून तार ओवून
झाड बुडाशी बांधून टाकलं,
कारण आता सगळा भार एका अंगाला येणार होता.

मग खोडाला ओली सुतळी,
तिच्यावर तांबं, तीन-तीन पदर, तिरपे वेढे.
दोन्ही अंगठे लावले
आणि खाली.
आणखी खाली, बरणीच्या काठाच्याही खाली.
तिसऱ्या वाकणाला आवाज आला,
अडकित्त्यात सुपारी फुटते तसा.
कॉइलवर गुंडाळतो तीच कॉटन टेप
घाईघाईनं गुंडाळली.
हात थरथरले. तीस वर्षांत कॉइलवर
कधी थरथरले नव्हते.

प्रमिलानं चहा ठेवला, बघितलं.
‘आता झाडालाही शिकवताय,
मान खाली घालायला?’
आणि आत गेली.

लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा
माझी आई तिला म्हणाली होती,
मोठ्यांसमोर मान खाली.
मी तिथंच होतो.
चाकावर तार गुंडाळत,
एकशे बारा, एकशे तेरा,
हिशेब चुकू नये म्हणून
वर न बघता.

बरणी मागच्या जिन्यात ठेवली,
जिथून अजिंक्यताऱ्याची बाजू दिसते
आणि दुपारचं ऊन येत नाही.
महिनाभर झाड ना मेलं ना जगलं.
खवले तसेच, थोडे राखी.
रोज सकाळी बरणी मात्र
जराशी फिरलेली दिसायची, उन्हाकडे.
मी फिरवत नव्हतो.

पंचेचाळीस दिवसांनी तिनंच हाक मारली.
लोंबणाऱ्या फांदीचं टोक
बोटभर वर वळलं होतं,
पोपटी, ओलसर.
तिथवर माझी तार पोचलीच नव्हती.
आम्ही दोघं पायरीवर बसून
ते बोटभर बघत राहिलो.
ती काही म्हणाली नाही. मीही नाही.
म्हणायला हवं होतं.

तार पुढच्या दिवाळीआधी काढली.
उलगडली नाही, सालीला लागेल म्हणून
कटरनं एकेक वेढा तोडला.
तरी वळ राहिलेच,
खोडाभोवती तिरपे, फिकट.
भिलारे म्हणतात बुजतील.
बघू.

शिंगट्यांची मोटर पुन्हा आलीय.
काल चाकावर होतो, शहाऐंशी, सत्त्याऐंशी,
प्रमिला दारातून काहीतरी म्हणाली.
मी हात थांबवला, वर बघितलं,
‘काय म्हणालीस?’ विचारलं.

ती पंधरा मिनिटं बोलत होती.
वेढे किती झाले होते, ते गेलं डोक्यातून.
पुन्हा एकपासून.